स्पॉटिंग

दर दोन मिनिटांनी घंटा.
घंटा म्हणजे अंबादासमामांनी
स्टीलच्या ताटलीवर मारलेला चमचा.
पुढे सरकायचं. पुढचा दगड, पुढचा नंबर.
आम्ही तिघंच होतो शेवटच्या बॅचला, दगड बारा,
त्यामुळे बरेच दगड
आपापल्या चिठ्ठीमागे एकटेच बसलेले.

आदल्या संध्याकाळी सर गेल्यावर
मामांनी कपाट उघडलं होतं.
"उद्या कुठले ठेवणार, ते विचारायचं नाही.
सगळे दाखवतो. आधी हात धू,
शेंगाचटणीचं तेल लागतं दगडाला."

मामा क्यातम. आधी पूर्व भागात
चादरीच्या मागावर, रात्रपाळीला.
त्यांना सगळं घडीत दिसायचं.
"हा घे. मनात घडी घाल.
दोन झाकणांच्या मधे घडी पडली,
डावं उजव्यासारखं, तर शिंपला.
आपल्या भीमेतल्या शिंपल्याचा भाऊबंद.
आता हा. ह्याची झाकणं लहानमोठी.
पण एकाच झाकणावर उभी घडी घाल, बघ,
अर्धं अर्ध्यावर बसतं.
चोचीत भोक? तिथनं देठ काढून
तळाला धरून बसायचा हा.
ब्रॅकिओपॉड. स्पेलिंग चुकवू नको,
सर अर्धा मार्क कापतात."

मग गोल गुंडाळलेला.
मी म्हटलं, शंख.
"शंख जिना चढतो. हा चढतोय का?"
नव्हता चढत. पलंगाच्या नवारीसारखा
एका पातळीत गुंडाळून पडलेला.
मामा त्याच्या बरगड्या तेलुगूत मोजत गेले,
ओकटी, रेंडू, मूडू,
आणि जिथे वरची साल उडालेली
तिथे माझं बोट नेऊन ठेवलं.
कोथिंबिरीच्या पानासारखी कातरलेली रेघ.
"खोल्यांच्या भिंती इथे येऊन टेकतात.
ही शिवण. शिवण दिसली की अमोनाइट."
नाही दिसली तर?
"तर लिहायचं, शिवण दिसत नाही.
खोटी शिवण घालायची नाही."

काडतुसासारखा तो बेलेम्नाइट.
हे कवच अंगावर नव्हतं, अंगात होतं.
माकळाच्या नात्यातला. एवढंच म्हणाले
आणि तो जरा जास्त वेळ हातात धरून राहिले.

एक खण उघडला नाही. लाकूड फुगलेलं.

कच्छचे, अरियलूरचे,
एक बोटीने आलेला, चिठ्ठीवर कुणा साहेबाचं अक्षर.
सोलापूरचा एकही नाही.
आपल्या पायाखाली काळा पत्थर,
आग थंड होऊन झालेला.
एकदा मार्डीहून विहीर खणणारा आला होता
गोणपाटात काहीतरी गुंडाळून,
पापुद्र्यावर पापुद्रा असलेला गोल दगड.
सरांनी बघितलंही नाही.
मामांनी बघितला, उलटा केला, वास घेतला.
"कांदा आहे, दादा. दगडाचा कांदा.
हवापाण्याने सोलत जातो असा. जीव नव्हता ह्यात."
तो निघाला तेव्हा मामा जिन्यावरून
मागे धावले, त्याला चहाला नेलं.

परीक्षेत नऊ नंबरला ते होतं:
म्हाताऱ्याच्या अंगठ्याचं नख,
जाड, वळलेलं, वर चपटं टोपण.
झाकणं लहानमोठी, म्हणून मी
ब्रॅकिओपॉड लिहिलं आणि खूश झाले.
ग्रिफिया. कालवाच्या घरातला.
सरांनी सकाळी स्क्रूड्रायव्हरने तो खण उघडला होता.
"कालवं घडी पाळत नाहीत,"
मामा नंतर म्हणाले, माझ्याकडे न बघता,
जणू घरातल्याच कुणाची तक्रार.

परवा नवी पेठेतल्या बँकेत
टोकन घेऊन उभी होते.
फरशी नवी, पिवळी, राजस्थानची, आरशासारखी घासलेली,
आणि चपलेशेजारी एक कोयरी, एक चंद्रकोर,
एक अर्धवट भोवरा.
करवत जिथून गेली तिथून कापलेले सगळे.
घडी घालायला दुसरी बाजूच नाही.
मागचा माणूस म्हणाला, काही पडलंय का, बाई?
मी पाय मागे घेतला.
भोवऱ्याशी वाकून बघितलं.
स्लिपच्या मागे लिहिलं,
शिवण दिसत नाही.

टिंग. एकशे चार.
पुढे सरकायचं.